मंडळी, स्थानिक ख्रिस्ती

एखाद्या गावातील वा नगरातील ख्रिस्ती श्रद्धावंतांचा, उपासना, धर्मशिक्षण व परस्परसेवा ह्यांसाठी नियमितपणे एकत्र येणारा समुदाय. बायबलच्या नव्या करारात ‘मंडळी’ ही संज्ञा प्रामुख्याने दोन अर्थांनी येते : ख्रिस्ताच्या सर्व अनुयायांची विश्वव्यापी मंडळी आणि विशिष्ट ठिकाणी प्रत्यक्ष जमणारी स्थानिक मंडळी. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या अर्थाचा विचार केला आहे. स्थानिक मंडळीची घटना वा नियमावली नव्या करारात कोठेही सलगपणे दिलेली नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ आणि निरनिराळ्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रे ह्यांवरून तिचे स्वरूप समजून घ्यावे लागते. ही पत्रे बहुधा एखादी अडचण उद्‌भवल्यामुळे लिहिली गेली. त्यामुळे त्यांत आदर्शाबरोबरच वास्तवाचेही चित्र उमटले आहे. ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीविषयी ह्या साहित्यात सर्वांत तपशीलवार माहिती मिळते. म्हणून पुढील विवेचनात ती प्रमुख उदाहरण म्हणून घेतली आहे.

संज्ञा व अर्थ : ‘मंडळी’ हा मराठी बायबलमधील शब्द ‘एक्लेसिया’ ह्या ग्रीक शब्दासाठी योजिलेला आहे. ग्रीक नगरराज्यांत मताधिकार असलेल्या नागरिकांच्या सभेस एक्लेसिया म्हणत. हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात देवासमोर जमलेल्या इस्राएल लोकांच्या सभेसाठी, म्हणजे हिब्रू ‘काहाल’ ह्या शब्दासाठी, अनेक ठिकाणी हाच शब्द वापरला गेला. आद्य ख्रिस्ती लोकांनी तो स्वीकारला, तेव्हा त्यात ह्या दोन्ही छटा होत्या. नव्या करारात हा शब्द सु. ११४ वेळा आढळतो. चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात तो आला असून तोही दोनच स्थळी (१६ : १८, १८ : १७). इफिस येथील नाट्यगृहात जमलेल्या प्रक्षुब्ध जमावासही ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये (अध्याय १९) हाच शब्द लावलेला आहे. ह्यावरून त्याचा मूळचा लौकिक अर्थ त्या काळी लोपलेला नव्हता, असे दिसते.

ह्या शब्दाचा नव्या करारात कोठेही ‘इमारत’ असा अर्थ होत नाही. पुढील काळात मात्र तो इमारतीस चिकटला. एक्लेसिया ह्यापासून लॅटिनमधील ‘एक्लेसिआ’, त्यापासून पोर्तुगीज ‘इग्रेजा’ आणि त्यापासून गोव्यातील कोकणीत रूढ झालेला ‘इगर्ज’ हा शब्द आला. त्याचा नित्याचा अर्थ प्रार्थनामंदिर असा आहे. ‘चर्च’ हा शब्द वेगळ्या, ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला असून तोही वास्तू व संस्था ह्या दोहोंचा वाचक आहे. मराठीतील ‘मंडळी’ ह्या शब्दाने माणसांच्या समुदायाचा मूळ अर्थ टिकवून ठेवला आहे. ‘घरची मंडळी’ ह्या नित्याच्या वापरामुळे त्यास कौटुंबिक छटाही प्राप्त झाली असून ती नव्या करारातील आशयाशी सुसंगत आहे. कारण तेथे मंडळीतील व्यक्ती एकमेकांस ‘भाऊ’ व ‘बहीण’ म्हणून संबोधितात. मराठी भाषक कॅथलिकांत ‘ख्रिस्तसभा’ ही संज्ञा प्रचलित आहे.

स्थानिक मंडळी ही विश्वव्यापी मंडळीची शाखा वा अंश आहे, अशी भाषा पौलाच्या पत्रांत आढळत नाही. करिंथच्या मंडळीस लिहिताना तो तिला त्या नगरातील देवाची मंडळी म्हणतो. समग्र मंडळी त्या ठिकाणी प्रकट झाली आहे, असा त्याचा आशय दिसतो. मात्र त्याच वाक्यात तो सर्वत्र ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या इतरांचाही उल्लेख करतो. स्थानिक मंडळी स्वतःच्या ठायी पूर्ण आहे, पण एकाकी नाही, ही दुहेरी जाणीव नव्या करारातील विचाराच्या मुळाशी आहे.

करिंथ येथील मंडळीची स्थापना : प्राचीन करिंथ नगर रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्‌ध्वस्त केले. इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने तेथे रोमन वसाहत स्थापिली. तीत मुक्त गुलामांचा मोठा भरणा होता. संयोगभूमीच्या दोन्ही बाजूंस, लेखियम व किंख्रिया ही बंदरे असल्यामुळे व्यापार वाढला आणि नानाविध वंशांचे व पंथांचे लोक तेथे येऊन राहिले. जुनी कुलीन घराणी नसलेल्या ह्या नगरात पैसा, आश्रयदाते व वक्तृत्व ह्यांवर प्रतिष्ठा अवलंबून असे. मंडळीतील कलहांची पार्श्वभूमी ह्यावरून ध्यानात येते.

‘प्रेषितांची कृत्ये’मधील वृत्तांतानुसार (अध्याय १८) पौल येथे आला, तेव्हा सम्राट क्लौद्याच्या आज्ञेमुळे रोम सोडून आलेल्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्या यहुदी दांपत्याकडे तो राहिला. तिघांचाही व्यवसाय तंबू तयार करण्याचा होता. प्रथम यहुद्यांच्या सभास्थानात व तेथे विरोध झाल्यावर शेजारच्या तीत यूस्ताच्या घरात त्याने उपदेश केला. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प हा कुटुंबासह ख्रिस्तानुयायी झाला. पौलाचे वास्तव्य दीड वर्ष होते. त्यास रोमन प्रांताधिपती गल्लियो ह्याच्यासमोर उभे करण्यात आले. डेल्फाय येथे सापडलेल्या क्लौद्याच्या कोरीव लेखात गल्लियोचा उल्लेख असून त्यावरून त्याची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या सुमाराची ठरते. पौलाच्या चरित्राचा कालानुक्रम लावण्यास हा लेख फार उपयुक्त ठरला आहे. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी इफिसहून लिहिले गेले असावे.

सभासद व एकत्र जमण्याची जागा : मंडळीत यहुदी व यहुदीतर, गुलाम व स्वतंत्र, स्त्रिया व पुरुष असे सर्व प्रकारचे लोक होते. ज्ञानी, बलवान व कुलीन असे त्यांच्यात फारसे नाहीत, असे पौल सांगतो; म्हणजे थोडे तरी होते, हे उघड आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस (१६ : २३) नगराचा खजिनदार एरास्त ह्याचा आणि सबंध मंडळीचे आतिथ्य करणाऱ्या गायस ह्याचा निर्देश आहे. किंख्रिया बंदरातील मंडळीची सेविका फीबी हिचाही तेथेच गौरवाने उल्लेख केलेला असून ती अनेकांची आश्रयदाती होती. बाप्तिस्मा हा मंडळीत प्रवेशाचा संस्कार होता. वंश, दर्जा व लिंग ह्यांवरून येणारे उच्चनीचत्व त्यामुळे गळून पडते, अशी शिकवण होती.

ह्या काळी मंडळीच्या मालकीची इमारत नसे. सभासदांच्या घरी ती जमे. करिंथजवळ अनाप्लोगा येथे उत्खननात सापडलेल्या एका रोमन घराच्या मोजमापांवरून जेरोम मर्फी-ओकॉनर ह्या अभ्यासकाने असे अनुमान केले, की अशा घरात सु. ४० ते ५० माणसे जमू शकत. भोजनकक्षात मोजक्यांनाच जागा मिळे व उरलेल्यांना अंगणवजा चौकात बसावे लागे. सर्वच मंडळ्या अशा श्रीमंती घरांत जमत नसाव्यात. दुकाने, कारखाने व भाड्याच्या खोल्या ह्यांचाही उपयोग होत असावा, असे अलीकडील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. उपासनेसाठी मुद्दाम फेरबदल केलेले सर्वांत जुने ज्ञात ख्रिस्ती घर सिरियातील दूरा-यूरोपस येथील असून ते इ. स. सु. २४० च्या आसपासचे आहे. म्हणजेच सुमारे दोन शतके ख्रिस्ती मंडळी प्रायः घरांतूनच वाढली.

उपासना व प्रभुभोजन : मंडळीच्या सभेत स्तोत्र, शिकवण, प्रार्थना, संदेश, अन्य भाषांतील उद्‌गार व त्यांचा अर्थ असे अनेक घटक असत आणि त्यांत अनेक सभासद भाग घेत. स्त्रियाही प्रार्थना करीत व संदेश देत, हे पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायावरून स्पष्ट होते. चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी सभेत गप्प राहावे अशा आशयाची वचने आहेत. काही हस्तलिखितांत ती अध्यायाच्या शेवटी आढळतात. ती मूळची आहेत की नंतर घातलेली, तसेच त्यांचा रोख नेमका कशावर आहे, ह्यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. सभेतील प्रत्येक गोष्टीची कसोटी मात्र पौल एकच सांगतो : तिच्यामुळे इतरांची उन्नती झाली पाहिजे. स्वतःपुरता आध्यात्मिक आनंद देणारी, पण शेजाऱ्यास न कळणारी वाणी सभेत गौण ठरते.

येशूने अटक होण्याच्या रात्री शिष्यांसमवेत केलेल्या भोजनाचे स्मरण म्हणून मंडळी प्रभुभोजन करी. करिंथमध्ये ते प्रत्यक्ष जेवणाचा भाग होते. तेथे घडत असलेल्या प्रकारामुळे पौलाने आपली सर्वांत कठोर टीका केली (१ करिंथ ११ : १७–३४). काही जण स्वतःचे जेवण आधीच उरकून घेत. परिणामी कोणी उपाशी राही, तर कोणी मद्याने धुंद होई. कष्टकरी व गुलाम कामावरून उशिरा येत असावेत व तोवर अन्न संपत असावे, असा एक तर्क आहे. रोमन मेजवान्यांत यजमानाच्या बरोबरीच्या पाहुण्यांना उत्तम अन्न व इतरांना हलके अन्न देण्याची प्रथा होती. तीच येथे शिरली असावी, असा दुसरा तर्क आहे. कारण कोणतेही असो, नगरातील सामाजिक उतरंड मंडळीच्या पंक्तीत जशीच्या तशी उतरली होती.

ह्यावरील पौलाचा निर्णय स्थानिक मंडळीच्या स्वरूपावर विशेष प्रकाश टाकतो. विधीतील शब्द वा क्रम चुकला, असे तो म्हणत नाही. ज्या जेवणात काही नसलेल्यांस लाजविले जाते, ते प्रभुभोजनच नव्हे, असे तो सांगतो. भाकर व प्याला ह्यांत सहभागी होताना ‘शरीर’ न ओळखणे हा त्याच्या मते गंभीर अपराध आहे. येथे ‘शरीर’ म्हणजे ख्रिस्ताचे शरीर. पण संदर्भ पाहता एकत्र जमलेली मंडळी हाही अर्थ त्यात अंतर्भूत आहे, असे बहुसंख्य आधुनिक भाष्यकार मानतात. त्याने सुचविलेला उपाय अगदी साधा आहे : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

शरीराची उपमा : समाजाला शरीराची उपमा देण्याची प्रथा ग्रीक-रोमन साहित्यात जुनी आहे. रोममधील सामान्यजनांनी बंड केले असता, हातपायांनी पोटाविरुद्ध पुकारलेल्या संपाची कथा सांगून त्यांस परत आणल्याचा प्रसंग रोमन इतिहासकार लिव्ही ह्याने दिला आहे. तेथे ह्या उपमेचा उपयोग कनिष्ठांनी आपल्या जागी राहावे म्हणून केला गेला. पौलाने तीच उपमा (१ करिंथ १२) वेगळ्या दिशेने वळविली आहे. डोळ्याला हाताची गरज नाही असे म्हणता येत नाही, आणि जे अवयव दुबळे भासतात तेच अधिक आवश्यक ठरतात. उणे असलेल्यास अधिक मान मिळावा, एकाचे दुःख सर्वांचे व्हावे, असा त्याचा निष्कर्ष आहे. प्रत्येकास मिळालेले दान—मग ते शिकविण्याचे असो, आजाऱ्यांस बरे करण्याचे असो वा साहाय्य करण्याचे असो—सर्वांच्या हितासाठी दिलेले आहे. लगेच पुढे प्रीतीविषयीचा प्रसिद्ध तेरावा अध्याय येतो. विवाहप्रसंगी तो स्वतंत्रपणे वाचला जात असला, तरी मूळ संदर्भात तो एका भांडणाऱ्या मंडळीला केलेला उपदेश आहे.

शिस्त व वादनिवारण : मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८ : १५–१७) अपराध करणाऱ्या बांधवाशी प्रथम एकांतात, मग एक-दोघांना घेऊन व अखेरीस मंडळीसमोर बोलावे, असा क्रम सांगितला आहे. करिंथमध्ये एकाने आपल्या बापाच्या स्त्रीशी संबंध ठेवला असता, पौलाने मंडळीस एकत्र जमून त्याला बाहेर काढण्यास सांगितले. कारवाई एखाद्या अधिकाऱ्याने नव्हे, तर जमलेल्या मंडळीने करावयाची होती. दुसऱ्या पत्रात बहुमताने शिक्षा झालेल्या एका व्यक्तीस आता क्षमा करून धीर द्यावा, असे पौल लिहितो. ही व्यक्ती तीच होती की नाही, हे निश्चित नाही. पण शिस्तीचा हेतू बहिष्कार नसून पुनःस्थापना हा होता, हे त्यावरून दिसते. आपसांतील दाव्यांसाठी न्यायालयात जाण्यासही पौलाने आक्षेप घेतला. स्थानिक न्यायालयांत धनिकांचे वजन चालत असल्यामुळे, ह्या आक्षेपामागे दुर्बलांच्या रक्षणाचाही हेतू असावा, असे काही अभ्यासक मानतात. ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ असे गट पाडणाऱ्यांना, उपदेशक हे मालक नसून केवळ सेवक आहेत, असे त्याने बजावले.

नेतृत्व : करिंथच्या पहिल्या पत्रात वडील वा अध्यक्ष ह्या पदांचा उल्लेख नाही. प्रेषित, संदेष्टे व शिक्षक ह्यांचा क्रम तेथे दिलेला असून, सेवेस वाहून घेतलेल्या स्तेफनाच्या घराण्यासारख्यांच्या अधीन राहावे, असे सांगितले आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी अध्यक्ष व सेवक अशा दोन वर्गांचा निर्देश आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ (१४ : २३) प्रत्येक मंडळीत वडील नेमल्याचे सांगते. त्याच ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात व तीताला लिहिलेल्या पत्रात वडील व अध्यक्ष हे शब्द एकाच व्यक्तींना उद्देशून आले आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा व्यक्तींची पात्रता दिली आहे. तीत विद्वत्तेपेक्षा संयम, आतिथ्यशीलता, शिकविण्याची हातोटी व द्रव्यलोभाचा अभाव ह्यांवर भर आहे. एकाच मंडळीवर एकच बिशप ही व्यवस्था अंत्युखियाच्या इग्नेशियसच्या, दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या, पत्रांत प्रथम स्पष्टपणे दिसते. त्यापूर्वी, इ. स. सु. ९६ मध्ये, करिंथच्या मंडळीने काही वडिलांना पदावरून दूर केल्यामुळे रोमच्या मंडळीने तिला एक दीर्घ पत्र पाठविले. ते क्लेमेंटचे पहिले पत्र म्हणून ओळखले जाते. चाळीस वर्षांनंतरही करिंथमधील कलह शमला नव्हता, हे त्यावरून कळते.

अन्य मंडळ्यांशी संबंध : प्रवासी उपदेशक, पत्रे, आतिथ्य व आर्थिक साहाय्य ह्यांमुळे विखुरलेल्या मंडळ्या जोडल्या गेल्या. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी गलतीया, मासेदोनिया व अखया ह्या प्रांतांतील मंडळ्यांकडून पौलाने वर्गणी गोळा केली. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी यथाशक्ती काही बाजूस काढून ठेवावे, अशी त्याची सूचना होती. रक्कम पोचविण्यासाठी मंडळ्यांनी स्वतः प्रतिनिधी निवडले, जेणेकरून व्यवहाराविषयी संशयास जागा राहू नये. एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढील व समता होईल, हे तत्त्व त्यामागे होते. यहुदीतर मंडळ्यांनी यहुदी मातृमंडळीस केलेले हे साहाय्य ऐक्याचे प्रत्यक्ष चिन्हही होते.

उत्तरकालीन विचार व भारतीय संदर्भ : नव्या करारातील ह्या विविधतेमुळे पुढे भिन्न परंपरांनी त्यातूनच भिन्न व्यवस्थांना आधार शोधला. बिशपप्रधान परंपरांनी प्रेषितांकडून चालत आलेल्या अधिकारावर, प्रेसबिटेरियनांनी वडिलांच्या मंडळावर, तर काँग्रिगेशनल व बॅप्टिस्ट परंपरांनी प्रत्येक स्थानिक मंडळीच्या स्वायत्ततेवर भर दिला. विसाव्या शतकात हे अंतर काहीसे कमी झाले. जागतिक चर्च परिषदेच्या १९६१ च्या नवी दिल्ली येथील अधिवेशनाने प्रत्येक ठिकाणच्या सर्व ख्रिस्ती जनांचे दृश्य ऐक्य हे उद्दिष्ट म्हणून मांडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेंतियुम’ (१९६४) ह्या दस्तऐवजाने आपल्या धर्मगुरूंशी संलग्न असलेल्या स्थानिक समुदायांत, ते लहान व गरीब असले तरी, ख्रिस्ताची मंडळी खरोखर उपस्थित असते, असे प्रतिपादन केले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल परंपरेतील होत्या. त्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थान संयुक्त मंडळीत व तिच्याद्वारा, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) समाविष्ट झाल्या. ह्या ऐक्यात सहा मंडळ्या सहभागी होत्या व बिशप, वडील आणि स्थानिक सभा ह्या तिन्ही घटकांचा मेळ घालण्याचा त्यात प्रयत्न झाला.

करिंथच्या पंक्तीतील प्रश्न भारतात जातिभेदाच्या रूपाने उभा राहिला. दक्षिण भारतातील काही मंडळ्यांत जातवार आसने व प्रभुभोजनातील वेगळा क्रम रूढ झाला होता. कलकत्त्याचे बिशप डॅन्यल विल्सन ह्यांनी १८३३ मध्ये तो बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली; तरीही भेद पूर्णतः नाहीसे झाले नाहीत. महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन करून, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले आणि मंडळीच्या सीमेचा प्रश्न नव्याने पुढे आणला. अशा प्रसंगी व्यवस्थेच्या प्रकारापेक्षा अधिक मूलभूत निकष नव्या करारात सापडतो. तेथे मंडळी निर्दोष आहे म्हणून ती मंडळी ठरत नाही. भांडखोर करिंथकरांनाही पौल देवाची मंडळीच म्हणतो. मात्र ज्या पंक्तीत दुर्बलास वगळले जाते, तिला प्रभूची पंक्ती म्हणण्यास तो ठाम नकार देतो.